पार्ट-टाइमचे दहा तास

नवरात्र तोंडावर आले की वर्ध्याच्या बाजारात दुकानांच्या काचांवर कागद लागतात. 'काउंटरसाठी मुले-मुली पाहिजेत.' खाली मोबाइल नंबर, आणि बऱ्याचदा एक जादा ओळ: 'अनुभवाची गरज नाही.' कापडाचे दुकान असो, चपलांचे, मोबाइलचे की भांड्यांचे. बजाज चौकातून गोल बाजाराकडे वळा नाहीतर आर्वी नाक्याकडे जा, हा कागद दिसणारच. दसरा-दिवाळीचा हंगाम, त्याला लागून लगनसराई, मध्ये संक्रांत. सेलू, देवळी, पवनार, सिंदीहून एसटीने अप-डाऊन करणारी पोरं-पोरी हा कागद वाचून आत जातात. घरी सांगतात, पार्ट-टाइम आहे, कॉलेज सांभाळून होते.

होतेही, पहिले काही महिने. सकाळचे कॉलेज उरकून दुपारी बाराला दुकान गाठायचे आणि शटर पडेपर्यंत उभे राहायचे. शटर पडते रात्री साडेनऊला, हंगामात दहालाही. मोजून पाहिले तर साडेनऊ-दहा तास भरतात. पगार मात्र अर्ध्या वेळेचा, कारण ठरवताना दोन्ही बाजूंनी अर्धवेळ म्हटलेले असते. बारावी किंवा बी.ए.चे शेवटचे वर्ष संपते, कॉलेज सुटते, दुकान सुटत नाही. मग सकाळीही बोलावणे येते, झाडझूड आणि माल लावण्यासाठी. पगारात पाचशे-हजाराची वाढ होते आणि पार्ट-टाइम हे नाव तसेच राहते.

वर्ध्यात या वयाच्या मुलामुलींशी बोलताना कळते की सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते. सकाळी दहाला जायचे, संध्याकाळी सहाला घरी यायचे, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात पगार आणि पी.एफ. कापलेला. फार मोठी मागणी नाही. पण दुकानातून तिथपर्यंत जाताना जी अडचण येते ती मार्कांची किंवा हुशारीची क्वचितच असते. अडचण असते वेळेची. दुकान जे तास खाते, नेमके त्याच तासांत दुकानातून बाहेर पडण्याची तयारी करायची असते. टायपिंगचा क्लास संध्याकाळी. अभ्यासिकेत खुर्ची मिळते ती संध्याकाळी. मुक्त विद्यापीठाची संपर्क-सत्रे बहुधा रविवारी, आणि रविवार तर बाजाराचा सर्वांत गर्दीचा दिवस.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा सध्याचा कायदा २०१७ चा, १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेला. त्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट मजुरी आणि आठवड्यातून एक सुटी असे सगळे लिहिले होते. स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर त्यांच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही, हेही त्यात होते. दुकानाने आठवड्यातून एक दिवस बंद राहण्याची सक्ती मात्र याच कायद्याने गेली. नोकराला आळीपाळीने सुटी दिली की दुकान वर्षभर उघडे ठेवता येते. आणि मुख्य मेख अशी की हे सारे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. त्याहून लहान दुकानाने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याला आणि रोजचे तास नवाचे दहा करण्याला मंजुरी दिली.

आता वर्ध्याच्या कोणत्याही बाजाररस्त्यावर उभे राहा आणि एका दुकानात किती माणसे काम करतात ते मोजा. चार, पाच, फार तर सात. म्हणजे ज्या काउंटरवर आपली पोरं-पोरी उभी आहेत, ती काउंटरे या कायद्याच्या कुंपणाबाहेरच होती, आता आणखी बाहेर. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा तर मुळातच वीस माणसांपासून सुरू होतो. राज्य सरकार दुकानांसाठी किमान वेतन जाहीर करते, महागाईप्रमाणे वर्षातून दोनदा त्यातला भत्ता बदलते. तो तक्ता काउंटरवरच्या किती जणांनी पाहिला असेल, हे वाचकानेच कुणाला तरी विचारून पाहावे.

आठ तास हे माप वर्ध्याला नवे नाही, म्हणून हे जास्त खटकते. १९३५ मध्ये गांधीजी इथल्या मगनवाडीत राहत असताना त्यांनी खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघापुढे एक प्रस्ताव ठेवला होता. सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळाले पाहिजेत. तोवर तिला मिळत होते त्याच्या कितीतरी पट ही रक्कम होती. खादी महाग होईल, विकली जाणार नाही, अशी ओरड संघातूनच झाली. आठ आण्यांपर्यंत दर काही गेला नाही. पण मजुरी बाजारभावावर न ठेवता आठ तास काम करणाऱ्या माणसाला जगता येईल अशा हिशेबाने ठरवायची, हे तत्त्व संघाने त्याच वर्षी वर्ध्यात मान्य केले आणि दर वाढवले. खादी भांडाराच्या काउंटरपलीकडे बसलेल्या माणसाचा विचार त्यात किती झाला, हा निराळा विषय. दोन वर्षांनी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला, याच गावात शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली: हाताने काम करता करता शिकायचे. आज बाजारातली मुले हाताने काम करतात आणि शिकतातही. काम दुपारी, शिक्षण सकाळी, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

खरे तर संबंध असतो. तो कुणी कागदावर घेत नाही. हे एका दिवसातून समजते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. नेमकी त्याच दिवशी घटस्थापना. कापडाच्या दुकानात २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांना पाच टक्के आणि त्यावरच्यांना अठरा. आधी ही रेघ हजार रुपयांवर होती आणि वरचा दर बारा होता. म्हणजे दीड हजाराची कुर्ती बारातून पाचवर आली आणि तीन हजारांचा शेरवानी-सेट बारातून अठरावर गेला. बिलाच्या कॉम्प्युटरमध्ये एकेक वस्तू उघडायची, तिचा एच.एस.एन. कोड पाहायचा, दर बदलायचा, जुना स्टॉक नव्या दरात बसवायचा आणि समोर गिऱ्हाईक उभे: 'मोदींनी टॅक्स कमी केला ना, मंग भाव तेवढाच काहून?' याला समजेल असे उत्तर द्यायचे. वस्तूची किंमत, कर, एमआरपी, सूट यांचा हिशेब तोंडी मांडायचा आणि गिऱ्हाईक तुटू द्यायचे नाही. हे काम करणाऱ्या मुलीला अप्रत्यक्ष कराचा एक धडा प्रत्यक्ष येतो. तिच्या बायोडाटात मात्र 'सेल्स गर्ल' एवढेच लिहिलेले असते; पुष्कळदा तेही नसते, कारण ते सिद्ध करायला कागद नसतो.

बाजारातून दिवसाच्या कामाकडे जाणारी सर्वांत जवळची वाट मला हिशेबाची वाटते. दुकानात काम केलेल्याला कच्चे-पक्के बिल, उधारीची वही, माल परत पाठवण्याची नोंद, व्यापाऱ्याचे स्टेटमेंट हे सगळे माहीत असते. त्यावर टॅली आणि जीएसटी रिटर्नचे काही महिन्यांचे प्रशिक्षण चढले की तो कर सल्लागाराच्या, सी.ए.च्या ऑफिसात, पतसंस्थेत, हिंगणघाट-सेलूकडच्या जिनिंगच्या हिशेबखात्यात बसू शकतो. तिथल्या महिन्याला एक लय आहे. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ रिटर्न, २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी. या दोन तारखांच्या आगेमागे ऑफिसात रात्र होते, एरवी सातला घरी. पहिला पगार दुकानापेक्षा फारसा जास्त नसतो, हे स्पष्ट सांगायला हवे. कित्येक जण इथेच परत फिरतात. 'तेवढ्याच पैशासाठी दुकान कायले सोडू?' हा प्रश्न चुकीचा नाही. फरक दोन-तीन वर्षांनी दिसतो. दुकानात पाच वर्षांनीही माणूस काउंटरवरच असतो. हिशेबात पाच वर्षे काढलेल्याला दुसरे ऑफिस बोलावते.

या वाटेला लागणारी पदवी घरी बसून मिळवता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघाले ते अशांसाठीच. बारावी सुटलेल्यांसाठी त्याने पूर्वतयारीचा अभ्यासक्रमही काढला होता. वर्ध्याला तर वाणिज्य शिक्षणाची जुनी परंपरा आहे. जमनालाल बजाजांनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या शिक्षा मंडळाने १९४० मध्ये इथे गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय काढले आणि पुढे नागपुरातही. व्यापाऱ्यांच्या गावात दुकानातल्या मुनिमाच्या मुलाला बँकेत, कंपनीत नेणारा रस्ता त्या काळी या कॉलेजातून जात होता.

दुसरी वाट दवाखान्यांची. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ पासूनचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, पलीकडे सावंगी (मेघे)चे विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. एवढ्याशा शहराला दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये लागून आहेत आणि त्यांच्या भोवती औषधाची दुकाने, लॅब, डॉक्टरांची क्लिनिके. मेडिकल स्टोअर हेसुद्धा किरकोळ विक्रीचेच दुकान, पण तिथे एक वेगळी गोष्ट आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार औषध देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला. काउंटरवरच्या पोराला चार वर्षांत शेकडो औषधांची नावे, ताकद, पर्याय तोंडपाठ होतात. डॉक्टरचे अक्षर त्याला डॉक्टरच्या बायकोपेक्षा चांगले लागते. तरी कायद्याच्या लेखी तो मदतनीसच. त्याला फार्मासिस्ट व्हायचे असेल तर दोन वर्षांचा डी.फार्म. आणि त्यावर पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. प्रवेशाला बारावी विज्ञान शाखेची हवी, आणि हा अभ्यासक्रम घरबसल्या होत नाही. रोज वर्गात जावे लागते. औषधाच्या बाबतीत हे योग्यच आहे. पण ज्याच्या पगारावर घर चालते तो दोन वर्षे दिवसा वर्गात कसा बसणार? एखादा मालक त्याला संध्याकाळचे चार तास ठेवून घेतो, शिकून झाल्यावर त्याच्याच परवान्यावर दुसरे दुकान उघडतो. असा मालक मिळणे नशिबाचे असते, आणि कोणाचे भविष्य मालकाच्या मनावर टांगलेले असावे हे काही ठीक नाही.

मुलींसाठी राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये एक चांगला निर्णय घेतला. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतून झालेला हवा. बाजारातल्या पुष्कळ मुलींना हे माहीत नाही, कारण प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात तेव्हा त्या दुकानात असतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे देवळी-सेलूहून येणे परवडू लागले. शेवटची गाडी किती वाजता सुटते यावर मात्र अजूनही त्यांची नोकरी ठरते. दुकान साडेनऊपर्यंत आणि गाडी त्याच्या आधीची, तर नोकरी सोडायची किंवा वर्ध्यात खोली करायची.

नर्सिंगविषयी थोडक्यात. मागणी आहे, मान आहे, पण दिवसाचे काम हवे म्हणून कुणी तिकडे जाऊ नये. तीन पाळ्यांत रात्रपाळी येतेच. रुग्णालयातली बिलिंग, नोंदणी आणि योजनेच्या टेबलावरची कामे मात्र बरीचशी दिवसाची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो ते टेबल पाहा. गावाकडून आलेला घाबरलेला माणूस, त्याचे रेशनकार्ड, आधार, हातातले चार कागद. त्याला धीराने समजावून योग्य खिडकीवर धाडायचे. दिवाळीच्या गर्दीत साडीचे काउंटर सांभाळलेल्या बाईला हे शिकवावे लागत नाही.

आणि आता भरती. वर्ध्यात कुणालाही विचारा, दिवसाची पक्की नोकरी म्हणजे सरकारी. पहाटे स्टेडियमवर धावणारी पोरं, त्यातली कित्येक बारा वाजता काउंटरवर. या आशेला मी हसणार नाही, पण आकडे समोर ठेवायला हवेत. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर; एका जागेमागे दोनशेहून जास्त. खुल्या वर्गाचे शुल्क हजार रुपये, म्हणजे काउंटरवरचे कित्येक दिवस. २०२४ च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागा आणि सतरा लाखांवर अर्ज. शिपायासाठी खुल्या वर्गाची वयोमर्यादा २८. म्हणजे विसाव्या वर्षी दुकानात लागलेल्या पोराकडे मोजक्याच भरत्या असतात, आणि भरती कधी निघेल हे त्याच्या हातात नसते. लिपिकाच्या जागेला मराठी टायपिंग ३० किंवा इंग्रजी ४० चे प्रमाणपत्र लागते. ते नसल्यामुळे अर्जच करता आला नाही असे सांगणारे मला परीक्षेत नापास झालेल्यांइतकेच भेटले आहेत.

भरतीची तयारी करूच नये असे कोण म्हणेल? पण ती एकटी धरून बसू नये. तीस टायपिंग आणि टॅली दोन्ही जवळ असलेला उमेदवार भरतीत नाही लागला तरी रिकामा राहत नाही. घरी 'पोट्टं कुठं लागलं का?' हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि त्याचे उत्तर फक्त सरकारी शिक्क्यावर मोजले जाते. त्यामुळे खासगी ऑफिसातली चांगली सुरुवात सोडून पोरं पुन्हा अभ्यासिकेत बसतात. वयाची तिशी आली की परत त्याच बाजारात, त्याच काउंटरवर, आता आपल्यापेक्षा लहान मालकापुढे.

२०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेनेही हा पेच दाखवला. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन, सहा महिने. पुढे आणखी पाच. सरकारी कार्यालयात दिवसाचे काम. दुकान सोडून बरीच मुले तिकडे गेली, आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून मोर्चे निघाले. शिकाऊ योजना ही नोकरी नसते, हे सरकारने नीट सांगितले नाही आणि मुलांनीही ऐकले नसते. पण त्या अकरा महिन्यांत ज्यांनी संध्याकाळी सहानंतरचा वेळ टायपिंगला, पदवीला दिला, त्यांचे काम झाले. योजनेचा खरा फायदा विद्यावेतनात नव्हता, मोकळ्या संध्याकाळीत होता.

२० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्यात पंतप्रधानांच्या हस्ते आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रांची सुरुवात झाली; राज्यभरच्या कॉलेजांत १५ ते ४५ वयोगटाला प्रशिक्षण. चांगली गोष्ट. प्रश्न पुन्हा तोच, की वर्ग कधी भरणार? दुपारी भरले तर बाजार त्यात नाही. गमतीचा भाग म्हणजे ग्रामीण तरुणांसाठीच्या दीनदयाल उपाध्याय कौशल्य योजनेत रिटेल हेच एक मोठे क्षेत्र आहे. म्हणजे गावातला मुलगा सरकारी खर्चाने शिकून शहरातल्या मॉलच्या काउंटरवर उभा राहतो, आणि आपण इथे काउंटर सोडायची वाट शोधतो आहोत.

ज्यांना हे सगळे वाचून आपले वय निघून गेले असे वाटेल, त्यांच्यासाठी दोन माहितीच्या ओळी. सरकारी आयटीआयच्या प्रवेशाला वरची वयोमर्यादा नाही, दहावीच्या मार्कांवर प्रवेश होतो. आणि टपाल खात्यातली ग्रामीण डाकसेवकाची निवडही दहावीच्या मार्कांवरच, लेखी परीक्षेशिवाय, सर्वसाधारण वर्गाला वयाच्या चाळिशीपर्यंत. काम रोज चार-पाच तासांचे. सरकारच्या दारातही पार्ट-टाइम आहेच, पण तिथे चार तास म्हणजे चार तासच. लग्न, मुले यात दहा वर्षे गेलेल्या बाईला यातून पुन्हा उभे राहता येते. लगन होईस्तोवर टाइमपास म्हणून जिला दुकानात धाडले होते, तिलाच पस्तिशीत घर चालवायला काम लागते, हे वर्ध्यातल्या किती घरांत घडले आहे ते सांगायला आकडेवारी लागत नाही.

वर्ध्यातल्या दुकानदारांना वाईट म्हणून हा लेख लिहिलेला नाही. त्यातले बरेच जण स्वतःच ऑनलाइन खरेदीने आणि मॉलने बेजार आहेत, आणि काउंटरवर दोन माणसे ठेवणेही त्यांना जड जाते. त्यांच्याकडे पगारवाढ मागण्याआधी मी तीन गोष्टी मागेन, ज्यांना फारसा पैसा लागत नाही. एक ठरलेली साप्ताहिक सुटी, जी आदल्या रात्री बदलत नाही. शिकत असलेल्या नोकराला आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी सहाला सुटी. आणि दुकानाच्या लेटरहेडवर अनुभवाचे पत्र: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणते काम, बिलिंग केले की स्टॉक सांभाळला, खाली सही-शिक्का. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि नेमणूकपत्र सगळ्या कामगारांना द्यायचे असे सरकारने जाहीर केले आहे. सहा नोकरांच्या दुकानापर्यंत त्याची अंमलबजावणी पोचायला किती वर्षे लागतील ते लागोत. पत्र द्यायला मालकाला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि आपण गिऱ्हाईक. दिवाळीची खरेदी रात्री नऊला सुरू करून दहाला संपवायची सवय आपलीच आहे, आपल्यासाठीच दुकाने उघडी राहतात. यंदा खरेदी सातच्या आत उरका. बिल करून देणाऱ्या मुलीला सुटी कधी असते, एवढे विचारा. आणि तिच्या मालकासमोर विचारा.